पट्टा काढला, तरी ओझे उरले

१९४०च्या पॅकार्ड मोटारीत वातानुकूलन विकत मिळू लागले. किंमत २७४ डॉलर! बाष्पक यंत्राने डिकीची बरीच जागा गिळली. गंमत पुढेच आहे. कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. इंजिन फिरले की तोही फिरणार. म्हणून हिवाळ्यात बॉनेट उघडून त्याचा पट्टा हाताने उतरवावा लागे. इंजिनवरचा ताण गेला, पण नको असलेले यंत्र तसेच वाहावे लागे. १९४१नंतर पॅकार्डने ही सोय गुंडाळली.

अर्धशतकाने वातानुकूलन सर्रास झाले, तेव्हा पोर्शेने १९९१च्या युरोपीय ९११ कॅरेरा आरएसमधून ते मुद्दाम वगळले. पॉवर स्टिअरिंग आणि मागची आसनेही गेली. गाडी शंभराहून अधिक किलोंनी हलकी झाली, आणि साध्या कॅरेरापेक्षा महागही.