पॅरिसचें पहिलें थाटाचें भोजनगृह

मोठ्या शहरांतील एखाद्या झगमगीत भोजनगृहांत आपण शिरतों, शुभ्र चादरीच्या टेबलापाशीं बसतों आणि पुढें आलेल्या पत्रकांतून मनास येईल तो पदार्थ मागवितों. या प्रकाराला इतिहास असेल, ही शंकाही आपल्या मनाला शिवत नाहीं. चीनच्या सुंग राजवटीच्या राजधान्यांत अशीं गृहें फार पूर्वींपासून होतीं; ती कथा निराळी. युरोपांत मात्र ही चाल अवघी अडीचशें वर्षांची आहे, आणि तिचा जन्म पॅरिसांत झाला.

१७६० च्या सुमारास पॅरिसला आलेल्या परक्या माणसाची जेवणाची सोय होई; पण सोय म्हणजे सुख नव्हे. खाणावळींत एकच लांब टेबल असे. ठरल्या वेळीं यावें, मिळेल त्या जागीं बसावें, मध्यें मांडलेल्या थाळ्यांतून हातीं लागेल तें घ्यावें आणि ठरलेले पैसे द्यावे. नेहमींचीं गिऱ्हाइकें थाळ्यांजवळच्या जागा अडवून बसत. नवख्याच्या वांट्यास उरलेंसुरलें येई. आपल्याकडील खाणावळी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना हें चित्र फारसें परकें वाटूं नये!

'रेस्तराँ' हें मुळांत जागेचें नांवच नव्हे. मांस मंद आंचेवर फार वेळ शिजवून काढलेलें, अशक्त माणसास तरतरी आणणारें जें सार, त्याला हें नांव होतें. बूलांजे नांवाच्या सारवाल्यावर स्वयंपाक्यांच्या संघानें १७६५ सालीं फिर्याद केली आणि तो जिंकला, अशी कथा जुन्या पुस्तकांत हमखास आढळते. रिबेका स्पँग या विदुषीनें २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत, या फिर्यादीस कागदोपत्रीं आधार सांपडत नाहीं, असें दाखविलें व पहिलेपणाचा मान मातुरँ रोझ द शांत्वाझो या गृहस्थास दिला. मला तिचें म्हणणें पटतें. प्रकृति कांहीं घड्याळ पाहून बिघडत नाहीं. म्हणून हीं दुकानें दिवसभर उघडीं असत, आणि दुखणाइतास एकट्यास शांतपणें बसतां यावें म्हणून तेथें लहान लहान, वेगळालीं टेबलें मांडीत. पुढें सार मागें पडलें. वेगळें टेबल राहिलें.

या सोयीला थाट आणला तो आंत्वान बोव्हिलिए यानें. राजाचा धाकटा भाऊ, प्रोव्हांसचा काउंट, याच्या पदरीं तो पूर्वीं होता. १७८० नंतरच्या दशकांत, पॅले-रॉयालच्या परिसरांत, त्यानें 'लंडनची मोठी खाणावळ' अशा अर्थाच्या नांवाचें भोजनगृह काढलें. इंग्रजी वस्तूंची तेव्हां पॅरिसांत चलती होती! सुंदर दिवाणखाना, नीटनेटके वाढपी, निवडक मद्यांचें तळघर आणि उत्तम स्वयंपाक हीं चारही प्रथम त्यानेंच एकत्र आणलीं, अशी ग्वाही न्यायाधीश ब्रिया-सावारँ यानें १८२५ च्या अखेरीस निघालेल्या आपल्या ग्रंथांत दिली आहे. तो सांगतो कीं, वीस वर्षांपूर्वीं एकदोनदां जेवून गेलेल्याचाही चेहरा बोव्हिलिए विसरत नसे. टेबलापाशीं येऊन, हा पदार्थ टाळा, तो अवश्य घ्या, असें आर्जवानें सुचवी. घरचा यजमानच जणूं! शेवटीं बिल येई, तेव्हां पाहुण्यास आपण कोठें जेवलों हें नीट उमजे.

१७८९ सालीं राज्यक्रान्ति झाली. सरदार परागंदा झाले, त्यांच्या बेकार आचाऱ्यांनीं भोजनगृहें काढलीं, असें सरधोपट सांगतात. त्यांत तथ्य आहे; पण बोव्हिलिए तर क्रान्तीपूर्वींचा. १७९१ सालीं व्यवसायसंघ मोडून धंद्यास मोकळीक मिळाली आणि प्रांतोप्रांतींचे प्रतिनिधि घरदार मागें ठेवून राजधानींत राहूं लागले, हीं कारणें मला अधिक वजनदार वाटतात.

सरदाराच्या मेजवानीस जावयाचें तर कुळ किंवा ओळख लागे. येथें खिसा पुरे. पत्रकावर पदार्थापुढें किंमत छापलेली असे, ती देईल तो पाहुणा. मजुराच्या खिशास ती झेपणारी नव्हती, हें खरें. तथापि कोणाचा कोण, हा प्रश्न दाराशीं थांबला. आपल्याकडे पंगतींत कोणी कोठें बसावें हें जन्मानें ठरे, आणि हॉटेलांच्या दारांतूनही पुष्कळांना परत फिरावें लागे. म्हणूनच २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदांत दुकानांच्या जोडीनें सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचाही स्पष्ट उल्लेख करावा लागला.

उघड्या दारांतून कोणीही येऊं शकतो. २० जानेवारी १७९३ रोजीं राष्ट्रसभेचा सभासद लपलत्ये द सँ-फार्जो हा पॅले-रॉयालांत फेव्रिएच्या भोजनगृहांत जेवावयास गेला होता. राजाला देहान्त शासन द्यावें, असें मत त्यानें दिलें होतें. राजाच्या रक्षकदलांतील पारी नांवाच्या जुन्या शिपायानें तेथेंच त्याला तलवारीनें ठार केलें. दुसऱ्या दिवशीं राजाचा शिरच्छेद झाला. भोजनगृहें मात्र ओस पडलीं नाहींत.

बोव्हिलिए या सर्वांतून तरून निघाला. १८१४ व १८१५ सालीं नेपोलियनचा पाडाव करून पॅरिसांत शिरलेल्या परकी सैन्यांचे सेनानी त्याच्याच टेबलांवर जेवले, आणि धंद्यापुरत्या त्यांच्या भाषाही तो बोलूं लागला. त्याचें पाकशास्त्रावरील पुस्तक १८१४ सालींच बाहेर पडलें होतें. तीन वर्षांनीं, १८१७ सालीं, तो वारला.