वर्गातली करुणा, वर्गातली समता : कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरून

मे १९५६ मध्ये बीबीसीवरील भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो याचे कारण सांगितले होते : प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे हा धम्म एकत्र देतो. आम्ही यातल्या ‘एकत्र’ या शब्दाला महत्त्व देतो. शाळेत प्रज्ञेचा गाजावाजा पुष्कळ होतो, करुणाही कधीमधी दिसते. पण समतेशिवाय आलेली करुणा म्हणजे दया, आणि दया घेणाऱ्या मुलाची मान खाली जाते.

देवगड तालुक्यातले कुणकेश्वर बाहेरच्यांना मंदिर, महाशिवरात्रीची जत्रा आणि हापूस यांमुळे माहीत आहे. या किनारपट्टीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत बागायतदाराचे मूल, होडीवर जाणाऱ्याचे मूल आणि बौद्धवाडीतले मूल एकाच वर्गात बसते. आंबाबागांच्या राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांतली मुलेही काही ठिकाणी असतात. पट कमी असल्याने दोन-तीन इयत्ता एकत्र बसवल्या जातात. एवढ्या लहान वर्गात कोण कोणाचे, हे सगळ्यांना ठाऊक असते. भेदभाव करायला मोठ्याने काही बोलावे लागत नाही.

कोकणाला हा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात दापोलीत निवृत्त महार सैनिकांनी आपल्या मुलांना शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले, पाठपुरावा केला. दार उघडले तरी मुलांची जागा व्हरांड्यात. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, हे तर आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. आज व्हरांडा गेला, गोणपाटही गेले. मात्र शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी ‘जातीचा दाखला आणायचा आहे ते उभे राहा’ असे भर वर्गात सांगितले जाते, तेव्हा शिक्षकाच्या मनात काही नसले तरी उभ्या राहिलेल्या मुलाला वर्गाची नजर कळते. तीच यादी पालकांना वेगळी कळवता येते. झाडू कोणाच्या हाती आणि पाहुण्यांना पाणी देण्याचा तांब्या कोणाच्या हाती, हेही महिनाभर टिपून पाहावे. पाळ्या लावल्या की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

भाषेचेही तसेच. ‘माका होया’ म्हणणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ म्हटले की ते पुढच्या वेळी बोलतच नाही. मालवणी ही चूक नाही, घरची भाषा आहे. आधी त्याचे म्हणणे ऐकावे, मग प्रमाण मराठीतला शब्द शेजारी ठेवावा. नेपाळी बोलणाऱ्या मुलाला तर हा रस्ता दुप्पट लांब आहे.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल बौद्ध साहित्यातली चुल्लपंथकाची कथा आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते. चार महिन्यांत त्याला एक गाथाही पाठ झाली नाही. थोरला भाऊ महापंथक स्वतः भिक्खू. त्यानेच त्याला विहारातून निघून जायला सांगितले. तथागतांनी त्याला ना रागावले, ना तीच गाथा पुन्हा घोकायला लावली. स्वच्छ कापडाचा तुकडा देऊन तो हाताने चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले तसे अनित्यता म्हणजे काय हे त्याला उमगले. धडा तोच राहिला, तिथे जायची वाट बदलली. पाठांतरात मागे पडलेल्या मुलाला ‘ढ’ म्हणणारा शिक्षक महापंथकाच्या जागी उभा असतो.

यात कायदाही आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई करते. कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम २९ मुलाला भयमुक्त वातावरण आणि शक्य तितके मातृभाषेतून शिक्षण देण्यास सांगते. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा हव्यात. आपल्या वाडीतले नाव समितीत नुसते आहे की ती व्यक्ती बैठकीत बोलतेही, हे तरुणांनी विचारावे. तक्रारीपेक्षा आधी पाळ्या, यादी, बसण्याची जागा असे साधे मुद्दे मांडावेत. बहुतेक शिक्षक ऐकतात, असा आमचा अनुभव आहे. एका शिक्षकावर दोन-तीन इयत्तांचा आणि कागदपत्रांचा भार असतो, हेही आपण समजून घ्यायला हवे.

एक प्रश्न आपल्या मंडळांनाही. गावमंडळ आणि मुंबई मंडळ मिळून दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतात. करावाच. पण सातवीत वाचता न येणारा आपल्याच वाडीतला मुलगा त्या दिवशी खुर्च्या लावत असतो. विहाराच्या सभागृहात आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याला वाचायला बसवण्यासाठी मंडळाच्या अंदाजपत्रकात किती रुपये ठेवले आहेत?