हिंगोलीच्या छावणीतील बडा दिन

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास कयाधूच्या काठची पहाट बोचरी असते. शेतात शाळू निसवू लागलेला असतो, कापसाची वेचणी चाललेली असते आणि शेकोटीभोवती हुरड्याच्या गोष्टी निघू लागतात. पण सूर्य कासराभर वर आला की अंगावरचे पांघरूण नकोसे होते, आणि दुपारी तर झाडाची सावली शोधावी लागते. अशा या हवेत, काळ्या मातीच्या या मुलखात, एकोणिसाव्या शतकात काही मोजकी इंग्रज कुटुंबे दर वर्षी २५ डिसेंबरला बर्फाच्या आणि धगधगत्या शेगडीच्या देशातील एक सण मांडून बसत. ही सारी मांडामांड मुख्यतः मुलांसाठी असे. आणि ज्यांच्यासाठी ती असे, त्या मुलांपैकी बहुतेकांनी आकाशातून पडणारा बर्फ जन्मात पाहिलेला नसे!

हिंगोली आज स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. परंतु १ मे १९९९ रोजी तो जिल्हा निराळा होईपर्यंत हे गाव परभणी जिल्ह्यात मोडत असे. निजामाच्या राज्यात १८११ ते १८२० या काळात रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी पलटणे उभी केली, त्यांतूनच पुढे हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज झाली. तिच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड लावून घेण्यात आले, हे प्रसिद्धच आहे. बोलारम, औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद, एलिचपूर अशी तिची ठाणी होती, आणि त्यांतलेच एक हिंगोली. शिपाई देशी व अधिकारी तेवढे गोरे, अशी या फौजेची घडण असल्यामुळे छावणीत इंग्रज घरे थोडीच असत. मुंबई-कलकत्त्यास नाताळ म्हणजे मेजवान्या, नाच आणि शर्यती. हिंगोलीस तो घरापुरता आणि शेजाऱ्यापुरता. म्हणूनच तेथे त्याचे खरे रूप अधिक उघडे पडते.

या सणाला आपल्याकडे दोन नावे पडली आहेत. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ यावरून आला. अर्थ जन्माचा दिवस. तो गोवा आणि वसईच्या वाटेने मराठीत शिरला. ‘बडा दिन’ हे नाव हिंदुस्थानीतले, छावणीतल्या शिपायांच्या आणि नोकरांच्या तोंडचे. साहेबांचा मोठा सण तो बडा दिन. त्या दिवशी हाताखालचे लोक, कंत्राटदार आणि बाजारातले व्यापारी साहेबांच्या बंगल्यावर ‘डाली’ घेऊन येत. फळे, सुकामेवा, मिठाई आणि वर फुले अशी रचलेली ती परडी असे. पैसा अथवा दागिना घेणे निषिद्ध. फळफुले घेण्यास हरकत नसे. उलट बाजूने नोकरचाकरांना बक्षिसी मिळे. आपल्याकडील दसरा-दिवाळीच्या पोस्ताचेच हे प्रतिबिंब म्हणावयाचे.

पण परदेशी सण मांडावयाचा तर सामान हवे, आणि सामानासाठी वाट हवी. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजास इंग्लंडहून मुंबई गाठण्यास चार ते सहा महिने लागत. म्हणजे मुलाच्या खेळण्याचा विचार आईने वैशाखात करावा, तेव्हा ते कोठे नाताळास हाती पडावे. मुंबईपासून पुढे बैल आणि गाडे. तो मार्गही कसा होता याची साक्ष फिलिप मेडोज टेलर याने दिली आहे. सोळा वर्षे पुरी होण्यापूर्वीच १८२४ साली मुंबईस उतरलेला हा मुलगा पुढे निजामाच्या फौजेत अधिकारी झाला आणि हिंगोलीस राहिला. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ठगांवरील आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत तो सांगतो की, हिंगोलीतील एक प्रतिष्ठित व्यापारी हरिसिंग हाच त्या भागातील ठगांचा म्होरक्या होता. स्वतः टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केलेला होता. मुंबईहून एक व्यापारी कापड घेऊन येत आहे हे हेरून हरिसिंगाने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून कापड आणण्याचा परवाना मिळविला, त्या व्यापाऱ्याला त्याच्या माणसांसह ठार केले आणि तेच कापड हिंगोलीच्या छावणीत उजळ माथ्याने विकले. त्या कापडाचे अंगरखे कोणाकोणाच्या लेकरांच्या अंगावर चढले असतील, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

पुढे वाटा सुधारल्या. १८६७ च्या सुमारास मुंबईचा लोहमार्ग अकोल्यावरून नागपूरपर्यंत गेला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायतचा प्रवास तीन आठवड्यांवर आला. खेळणी, चित्रांची पुस्तके आणि डबाबंद खाऊ अकोल्यापर्यंत गाडीने आणि तेथून वाशीमवरून बैलगाडीने येऊ शकले. पण वाट जवळ झाली तशी एक नवीच अडचण उभी राहिली. खुद्द इंग्लंडातील नाताळच बदलत चालला होता! सजविलेले झाड हा मुळात जर्मन रिवाज. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे झाडासह चित्र १८४८ साली लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापले गेले, त्यानंतर तो घरोघर पसरला. नाताळाचे पहिले छापील शुभेच्छापत्र १८४३ चे. डिकन्सची सुप्रसिद्ध नाताळकथाही त्याच वर्षीची. टेलर तारुण्यात हिंगोलीस होता तेव्हा सर्वसाधारण इंग्रज घरात झाडाची चालच नव्हती. म्हणजे हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलांना ‘आपल्या पूर्वजांचा रिवाज’ म्हणून जे दाखविले जाई, त्यातील पुष्कळसे आईबापांच्याही बाळपणी नव्हते. आठवणीतला सण आणि टपालाने येणारा सण यांचे ते मिश्रण होते.

आणि त्यात तिसरी भर पडे ती या भूमीची. पाइन नाही, तर हिंदुस्थानातील घरांत सुरूची फांदी कुंडीत रोवली जाई. हॉलीच्या पानांऐवजी झेंडूच्या माळा येत. फाटकाशी केळीचे खुंट उभे करण्याचा प्रघात बंगालपासून पडलेला होता. तो पाहून एखाद्या मराठी माणसाला बंगल्यात लग्नच आहे असे वाटले तर नवल नाही. मुंबई इलाख्यात साहेबांच्या मुदपाकखान्यात पुष्कळदा गोव्याचा आचारी असे. त्याच्या घरी नाताळ तीनशे वर्षांचा मुरलेला, नारळाच्या रसात आणि नेवरीच्या सारणात उतरलेला. खुद्द प्लम पुडिंग तरी कोठले? मनुका उन्हाळी देशांच्या, साखर उसाच्या मळ्यांतली, दालचिनी सिंहलद्वीपची, जायफळ-लवंग मलाक्काच्या पलीकडील बेटांची. थंड देशाचा म्हणून मिरविलेला तो पदार्थ उष्ण देशांनीच गोड केलेला होता.

या साऱ्यांत मुलांच्या मनात काय उतरत असेल? याचे उत्तर मुंबईत जन्मलेल्या एका मुलाने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. रडयार्ड किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा. त्याचे वडील सर जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. कॅथलिक आया त्याला रस्त्याकडेच्या क्रूसापाशी नेई, तर हिंदू नोकर मिता त्याला देवळात नेई. दुपारी दोघे त्याला देशी गोष्टी सांगत. संध्याकाळी आईबापांपुढे जाताना मात्र आता इंग्रजीत बोलावयाचे, अशी आठवण त्याला द्यावी लागे. १८७१ साली, सहावे वर्ष पुरे होण्याच्या आत, त्याला धाकट्या बहिणीसह इंग्लंडात परक्या घरी ठेवण्यात आले. पाच-सहा वर्षांचे मूल ‘मायदेशी’ पाठविणे हा तेव्हाचा शिरस्ताच होता. हवेची आणि साथींची भीती खरी होती, आणि मुलाची बोली व वळण देशी होईल ही भीतीही तितकीच मोठी होती. तेथे किपलिंगचे दिवस अतिशय दुःखात गेले. वर्षातून एक महिना, डिसेंबरात, तो लंडनला मावशीच्या घरी जाई, आणि तेवढा महिना त्याला स्वर्ग वाटे. सण शेवटी मायेच्या माणसांपाशी असतो, बर्फापाशी नसतो, हे त्या मुलाने असे शिकून घेतले. पण नियतीचा खेळ असा की, हाच मुलगा एकविसाव्या वर्षी लाहोरास असताना, १८८६ च्या डिसेंबरात, हिंदुस्थानातील नाताळावर कविता लिहितो ती विलायतेच्या ओढीची!

आईबाप आपले हरवलेले बाळपण मुलांपुढे मांडतात. मूल मात्र समोर दिसेल त्याचेच बाळपण करून घेते. हिंगोलीच्या बंगल्यात आईला सुरूच्या फांदीत पाइनची उणीव दिसली असेल. मुलाच्या लेखी झेंडूच्या वासाचा, आयेच्या मांडीवरचा, उन्हातला नाताळ हाच खरा नाताळ. आणि जहाजावर चढताना जो हातून सुटे तोही हाच.

दुसरी एक वाट एका इंग्रजानेच फार पूर्वी दाखविली होती. फादर टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. त्याने ख्रिस्तजन्माची कथा सांगितली ती मराठी ओवीत. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’त दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत, आणि स्वर्गाला त्यात वैकुंठ म्हटले आहे. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरे. परंतु ऐकणाऱ्याच्या भाषेत उतरल्यावाचून कथा त्याची होत नाही, हे त्याने ओळखले होते. छावणीला ते कळले नाही, कारण छावणीला येथे राहावयाचेच नव्हते. १९०३ साली कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाले, हिंगोलीची छावणी उठली आणि तिच्याबरोबर बडा दिनही उठला.

ज्यांना परत यावयाचे नव्हते त्यांची गोष्ट निराळी. त्याच शतकात कोकणातून मराठी मजूर मॉरिशस बेटात उसाच्या मळ्यांवर गेले. तेथे भाद्रपदात पावसाळा नसतो, हिवाळा सरत आलेला असतो. तरी १८९६ साली कास्काव्हेल या खेड्यात गणपती बसला, आणि आज गणेशचतुर्थी ही त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. तेथील मुलांनी कोकणचा श्रावण पाहिला नाही. पण त्यांच्या सणात त्यांना काही उणे भासत नाही. परमुलखात सण टिकतो तो घरची हवा बरोबर नेल्याने नव्हे. मुलाच्या पायाखालच्या मातीची मूर्ती घडविल्याने टिकतो.