सगळं नीट खाते, मग गोळी कशाला?

"डॉक्टर, घरी पालेभाजी, डाळी, फळं सगळं असतं. मग ही फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कशाला?" मूल हवं म्हणून सल्ला घ्यायला आलेल्या जोडप्यांकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजून घ्यायला तुम्हाला परळला यावं लागेल, तेही जवळपास शंभर वर्षं मागे.

१९२८ साली डॉ. लुसी विल्स इंग्लंडहून मुंबईला आल्या. इथल्या कापड गिरण्यांतल्या गरोदर कामगार बायकांना तीव्र रक्तक्षय होत होता आणि त्यात काही जणी दगावत होत्या. लोह कमी पडलं की तांबड्या रक्तपेशी लहान होतात. या बायकांच्या पेशी उलट नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. म्हणजे कमी काहीतरी वेगळंच पडत होतं.

विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू केलं. आधी त्यांनी जंतूंचा संशय घेऊन पाहिला, त्यातून काही निघालं नाही. मग त्या या बायकांच्या ताटाकडे वळल्या. आजार होता तो मुख्यतः गरीब घरांत, जिथे भाजी, फळं आणि प्रथिनं जेमतेमच मिळत. तसाच आहार त्यांनी उंदरांना दिला. उंदरांना रक्तक्षय झाला आणि यीस्ट दिल्यावर तो टळला! गंमत अशी, की उंदरांच्या त्या रक्तक्षयामागे उवांमधून पसरणारा एक जंतूही होता, हे नंतर कळलं. पुरावा थोडा डळमळीत होता, पण दिशा बरोबर निघाली. पुढे माकडांवरही प्रयोग झाले, आणि तिथे मार्माइट उपयोगी पडलं. मार्माइट म्हणजे ब्रेडला लावून खायचा यीस्टचा काळसर, खारट अर्क. स्वस्त आणि सहज मिळणारा. तोच रुग्ण बायकांना दिल्यावर त्यांचं रक्त झपाट्याने वाढलं. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्कातला नेमका पदार्थ कोणता हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला आणि पानाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याला नाव मिळालं: फॉलिक अ‍ॅसिड.

इथपर्यंतची गोष्ट उपासमारीची, असं तुम्ही म्हणाल. आपल्या घरी तर पालकाची जुडी दर दोन दिवसांनी येते. बरोबर. पण गोष्ट इथे संपत नाही.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली हे लक्षात येऊन तुम्ही आमच्याकडे येईपर्यंत बहुतेक वेळा ते काम उरकलेलं असतं. ती नीट मिटली नाही, तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा कवटीत गंभीर व्यंग राहतं. असं बाळ आधी झालेल्या स्त्रियांवर सात देशांत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९१ साली आले: गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेतल्याने पुन्हा तसं बाळ होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. या काही अर्धपोटी राहणाऱ्या गिरणी कामगार बायका नव्हत्या.

मग भाजीचं काय होतं? पानांतलं फोलेट उष्णतेने नष्ट होतं आणि पाण्यात उतरतं. मेथी उकडून पाणी ओतून दिलंत, तर त्यातला बराचसा भाग मोरीत गेला. उरलेल्यापैकी शरीराला साधारण निम्मंच मिळतं, गोळीतलं मात्र जवळजवळ सगळं. म्हणून भाजी खाच, पण त्या चार आठवड्यांची भिस्त तिच्यावर ठेवू नका. बहुतेक स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, आणि ते मूल हवं असं ठरवल्यापासूनच सुरू करायचं. आधीच्या बाळाला असं व्यंग असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस वेगळा लागू शकतो, आधी डॉक्टरांना सांगा.

आणि एक. घरातल्या थकलेल्या सासूबाईंना "तूही घे गं माझ्यातली एक" म्हणून ही गोळी देऊ नका. बी-१२ कमी असलं तरी रक्तपेशी अशाच मोठ्या होतात. अशा माणसाने नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता खूप आढळते. त्यांची बी-१२ची तपासणी आधी करून घ्या.