ला हूग बी येथील नवाश्मयुगीन थडगे व त्याचे उत्तरकालीन उपयोग

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यानजीक जर्सी नावाचे लहानसे बेट आहे. त्याच्या पूर्व भागात ला हूग बी हे माती व दगडगोटे रचून उभारलेले टेकाड असून त्याची उंची १२.२ मीटर आहे. त्याच्या पोटात प्रचंड शिळांनी बांधलेला १८.६ मीटर लांबीचा मार्ग व शवकक्ष आहे. इ. स. पूर्व ३५०० च्या सुमारास हे थडगे वापरात होते. विषुवदिनी उगवत्या सूर्याचे किरण या मार्गाने अगदी आतल्या कक्षापर्यंत पोहोचतात.

ज्यांनी हे उभारले त्यांनी एकही अक्षर मागे ठेवले नाही. त्यांच्यानंतर मात्र अनेकांनी या टेकाडाचा उपयोग केला. इसवी सनाच्या १२ व्या शतकात माथ्यावर ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झाले. १६ व्या शतकात रिचर्ड माबों या धर्माधिकाऱ्याने जेरुसलेमची यात्रा करून आल्यावर त्यास दुसरे मंदिर जोडले व त्याखाली येशूच्या समाधीची प्रतिकृती करविली. म्हणजे पोटात खरे थडगे असलेल्या टेकाडात एका दूरदेशीच्या थडग्याची नक्कल अवतरली ! १८ व्या शतकात या मंदिरांभोवती एक मनोरा चढविण्यात आला. १९१९ मध्ये सोसिएते जर्सिएझ या संस्थेने ही जागा विकत घेतली. १९२४ मध्ये मनोरा उतरवून उत्खनन केले, तेव्हा मानवी अस्थी व मृत्पात्रे मिळाली. १९४२ मध्ये जर्मन सैन्याने येथेच भूमिगत ठाणे बांधले. पुढे त्याच ठाण्यात वेठीस धरलेल्या मजुरांचे स्मारक झाले.

लोककथा मात्र काही निराळेच सांगते. हाम्बीच्या सरदाराने जर्सीत येऊन एक नाग-राक्षस मारला, विश्वासघातकी सेवकाने त्या सरदारास ठार केले आणि त्याच्या पत्नीने हे टेकाड रचविले, अशी ही कथा आहे. वास्तविक ‘हूग’ या शब्दाचे मूळ उत्तरेकडील नॉर्स भाषेत असून त्याचा अर्थ केवळ ‘टेकाड’ असा आहे. पालीतील ‘थूप’ शब्दाचाही मूलार्थ रास, ढीग हाच होय. अर्थात एवढ्या साम्यावरून ला हूग बीला स्तूप म्हणणे अशास्त्रीय ठरेल. महापरिनिब्बानसुत्तात थूपास पात्र अशा चार व्यक्ती सांगितल्या आहेत, आणि थूपाच्या दर्शनाने बहुजनांचे चित्त प्रसन्न व्हावे हा त्यामागील हेतूही तेथे स्पष्ट केला आहे. ला हूग बीच्या निर्मात्यांचा हेतू सांगणारे असे कोणतेही वचन उपलब्ध नाही.

मग या दूरच्या थडग्याची चर्चा आम्ही येथे का करीत आहोत ? आज जेथे ज्याची पूजा चालते, ते स्थळ मुळापासून त्याचेच, असा युक्तिवाद आपल्याकडे वारंवार केला जातो. जुन्नरजवळील लेण्याद्री येथे बौद्ध विहारात आज गणपतीची पूजा होते. शेजारच्या चैत्यगृहातील शिलालेख मात्र त्या चैत्यगृहाच्या दानाची साक्ष देतो. पूजेची परंपरा कितीही जुनी असली तरी ती उत्पत्तीचा पुरावा होत नाही. तो शिलालेखातून, वास्तुरचनेतून आणि उत्खननाच्या थरांतूनच मिळतो.

हाच दंडक आपणांसही लागू आहे. उद्या एखाद्या स्तूपाखाली त्याहून प्राचीन दफन आढळले, तर त्याचीही नोंद आपण तितक्याच प्रांजळपणे केली पाहिजे. जो आपल्या सोयीचा तेवढाच थर वाचतो, त्यास इतिहासाच्या आधारे न्याय मागण्याचा अधिकार राहत नाही, असे आम्हांस वाटते.