मातीविना लागवडीतील भाजकी माती

मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन किंवा ऑर्किड यांसारखी उष्णकटिबंधीय झाडे मातीतून काढून भाजलेल्या चिकणमातीच्या सच्छिद्र गोळ्यांत लावायची आणि कुंडीच्या तळाशी पोषणद्रावणाचा, म्हणजे पाण्यात विरघळवलेल्या खतक्षारांचा, उथळ साठा ठेवायचा, या पद्धतीला सेमी-हायड्रोपोनिक्स म्हणतात. ती अलीकडची वाटत असली, तरी तिच्यामागे तीन शतकांहून अधिक काळाचे प्रयोग आहेत. त्यांचा रोख 'झाड खाते काय' या प्रश्नावरून हळूहळू 'मुळे श्वास कशी घेतात' या प्रश्नाकडे वळला.

इंग्लंडमधील जॉन वुडवर्ड यांनी पुदिना पावसाच्या, थेम्स नदीच्या आणि बागेतील माती कालवलेल्या पाण्यात वाढवला. पाणी जितके गढूळ तितकी वाढ अधिक, असे त्यांनी 1699 मध्ये नोंदवले. गढूळपणातील नेमके काय झाडाला लागते, याचा उलगडा 1860 च्या सुमारास जर्मनीत युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी केला आणि नत्र, स्फुरद, पालाश आदी घटकांचे क्षार पाण्यात विरघळवून झाडे वाढवून दाखवली. प्रयोगशाळेतील ही रीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिक यांनी व्यावहारिक लागवडीकडे नेली. 'हायड्रोपोनिक्स' हे नाव त्यांनी 1937 मध्ये प्रसिद्ध केले. त्याच विद्यापीठातील होगलंड आणि आर्नन यांनी मात्र 1938 च्या पुस्तिकेत सुपीक मातीपेक्षा या पद्धतीने उत्पादन आपोआप वाढत नाही, हे स्पष्ट करून द्रावणात हवा खेळती ठेवण्यावर भर दिला.

भारतात 1946 नंतर शोल्टो डग्लस यांनी कलिंपोंग येथे प्रयोग केले. पंप आणि टाक्यांचा खर्च टाळून खडी व दगडी भुकटीच्या वाफ्यावर कोरडे क्षार पसरायचे आणि वरून पाणी द्यायचे, अशी ही 'बंगाल पद्धती' होती. तिच्यात खडीच्या फटींतून मुळांना हवा आपसूक मिळे.

भाजकी माती मात्र बांधकामातून आली. वीट जास्त भाजली की फुगते आणि खंगर होते. भट्टीवाल्यांना नकोशा असलेल्या या फुगण्याचा उपयोग करून अमेरिकेतील स्टीफन हेड यांनी हलक्या काँक्रीटसाठी फुगवलेल्या शेलच्या खडीचे पेटंट 1918 मध्ये मिळवले. शेल म्हणजे चिकणमातीचाच दगड झालेला थर. फिरत्या भट्टीत सुमारे 1200 अंश सेल्सियसला चिकणमातीच्या आत वायू तयार होतो, बाहेरचे कवच घट्ट होते आणि आत असंख्य पोकळ्या राहतात. असे गोळे पुढे युरोपात घरातील झाडांच्या कुंड्यांत आले, कारण ते खालचे पाणी वर ओढतात आणि गोळ्यांमधील फटी हवेसाठी मोकळ्या ठेवतात.

कुंडी बदलताना हाच मुद्दा कसोटीला लागतो. मातीत वाढलेल्या मुळांना सतत ओलावा मानवत नाही, म्हणून त्यांपैकी काही कुजतात. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या मुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ ऊती, ज्यांना वायूतक म्हणतात, अधिक विकसित होतात. त्यामुळे मुळांवरील माती धुऊन काढणे आणि कुंडीच्या बाजूचे छिद्र तळापासून दोन-तीन सेंटिमीटरवर ठेवणे, जेणेकरून साठा त्यावर चढणार नाही, ही दोन कामे खताच्या प्रमाणाइतकीच महत्त्वाची ठरतात.