कॅपोसिफॉर्म हिमँजिओएन्डोथेलिओमा

तान्ह्या बाळांत क्वचित आढळणारे रक्तवाहिन्यांचे अर्बुद. बाळाच्या अंगावर लाल उंचवटा दिसला की घरातल्या आजी ‘लासं आहे, जाईल आपोआप’ म्हणतात, आणि बहुधा त्यांचेच खरे ठरते. शंभरातील चार-पाच बाळांना होणारा साधा हिमँजिओमा जन्मानंतर काही आठवड्यांत उगवतो, काही महिने वाढतो आणि पुढे वर्षावर्षाने विरतो. हे अर्बुद वेगळे. ते जांभळट, घट्ट असते, स्नायूंत शिरते. पोटात मागच्या बाजूला असले तर बाहेरून काहीच दिसत नाही.

खरा धोका रक्ताला असतो. प्लेटलेट गाठीत अडकतात, फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि रक्त गोठेनासे होते. कासाबाख आणि मेरिट या डॉक्टरांनी 1940 मध्ये एका बाळात हे वर्णिले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्याचा ठपका बिचाऱ्या साध्या हिमँजिओमावर राहिला. 1997 मधील अभ्यासांनी तो दूर केला.

फुलंब्रीसारख्या तालुक्यात अशा गाठीवर पहिली नजर बहुधा आशाताईंची पडते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी 42 दिवसांत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. गाठ एकाएकी फुगली, टणक झाली, अंगावर बारीक जांभळे ठिपके उठले, तर त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावी. निरोगी बाळात प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतात. इथे त्या 25,000 च्याही खाली जातात. मग अजिंठा रस्त्याने थेट घाटी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय. गाठीचा पसारा एमआरआयमध्ये कळतो. बायॉप्सी मात्र रक्तस्रावाची भीती नसेल तरच.

प्लेटलेट कमी दिसल्या की त्या चढवाव्यात असे कुणालाही वाटते. इथे हात आवरावा लागतो: चढवलेल्या प्लेटलेटही गाठीतच अडकतात आणि गाठ आणखी फुगते. म्हणून त्या शस्त्रक्रिया किंवा प्रत्यक्ष रक्तस्राव असतानाच देतात. गाठ चोळणे, तिच्यावर बिब्बा लावणे तर साफ वर्ज्य.

उपचारात स्टिरॉइड, व्हिंक्रिस्टीन आणि 2011 नंतर रुळलेले सिरोलिमस ही औषधे येतात. सिरोलिमस मूळचे ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूचे. ते वेगळे काढण्यात सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. गाठ लहान होते, पण पुरती जातेच असे नाही, आणि औषध थांबल्यावर पुन्हा डोके वर काढू शकते. ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून उपचार चालू असताना ताप आला तर लगेच दवाखाना गाठावा आणि गोवर-रुबेलासारखी जिवंत लस डॉक्टरांना विचारूनच द्यावी.